आर्केड जॉयस्टिकची तारजोडणी
व्हिडिओ गेमच्या यंत्रावर असतो तसा दांडा आणि बटणे संगणकाला किंवा गेम कन्सोलला जोडण्याची पद्धत. हौशी खेळाडू असा नियंत्रक घरी स्वतः बांधतात.

दांड्याखाली चार दिशांचे चार मायक्रोस्विच असतात; तिरक्या दिशेला त्यांतले दोन एकदम दाबले जातात. दांडा मधल्या टेकूवर झुकतो, त्यामुळे तो उजवीकडे ढकलला की खालचे टोक डावीकडे जाऊन डाव्या बाजूचा स्विच दाबते. नवख्यांच्या दिशा उलट लागतात त्या इथेच.

जपानच्या सान्वा कंपनीच्या जेएलएफ जॉयस्टिकला पाचच तारा लागतात : चार दिशांच्या, एक सामाईक ग्राउंडची. बटणाचे एक टोक, दाबल्याचा संकेत संगणकाला किंवा कन्सोलला पोचवणाऱ्या एन्कोडर बोर्डाच्या स्वतंत्र पिनला आणि दुसरे ग्राउंडला जाते. ग्राउंडची एकच तार बटणामागून बटण ओवत नेता येते. मात्र ती मध्येच सुटली तर पुढची सगळी बटणे बंद पडतात. सान्वाच्या बटणांना २.८ मिमी. रुंदीचे दाबून बसवायचे लग चालतात, सोल्डरिंग करावे लागत नाही.

२०२१ मध्ये आलेला रास्पबेरी पाय पिको हा स्वस्त बोर्ड जीपी२०४०-सीई या मुक्त फर्मवेअरसह एन्कोडरचे काम चोख करतो. पेटी बंद करण्यापूर्वी प्रत्येक जोड मल्टिमीटरने तपासावा.