मातीतला जिवाणू ताण आल्यावर जनुके कशी निवडतो?

मे महिन्यात सावद्याच्या केळीबागांत पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, तेव्हा मातीतल्या बॅसिलस सबटिलिसलाही झळ बसते. जैविक बुरशीनाशकाच्या पाकिटात असतो, तोच हा जिवाणू.

जनुके वाचणाऱ्या आरएनए पॉलिमरेजला वाचन कुठून सुरू करायचे, ती जागा म्हणजे प्रमोटर. तो ओळखतो सिग्मा घटक. एरवी हे काम सिग्मा-ए करतो. तो ‘टीटीजीएसीए’ आणि ‘टीएटीएएटी’सारखी अक्षरे शोधतो. सिग्मा-बीला मात्र आरएसबीडब्ल्यू हे प्रथिन धरून ठेवते. ताण आला की आरएसबीव्ही त्या पकडणाऱ्यालाच पकडते! सुटलेला सिग्मा-बी पॉलिमरेजला जोडला जातो आणि ‘जीटीटीटीएए’, ‘जीजीजीटीएटी’ अशी वेगळी खूण शोधतो. दीडशेच्या आसपास जनुके जागी होतात, तीही काही मिनिटांत. बीजाणू बनवायला याच जिवाणूला कित्येक तास लागतात.