शतरंजच्या पाच पायऱ्या

गेली दोन वर्षं रात्रीच्या जेवणानंतर अर्धा-पाऊण तास मी साम्राज्य उभारतो. खेळाचं नाव सिव्हिलायझेशन सिक्स. इतिहासाची आवड आहे म्हणून भाच्याने तो माझ्या लॅपटॉपवर टाकून दिला होता. सलाहुद्दीन अय्युबीच्या नावाने मी शहरं वसवतो, पिरॅमिड बांधतो, विद्यापीठं काढतो आणि बहुतेक वेळा जिंकतो. मागच्या महिन्यात भाचा शेजारी बसून बघत होता. म्हणाला, "मामू, तुम्ही दोन वर्षं एकच डाव जिंकताय. लेव्हल वाढवा ना."

या खेळात आठ पायऱ्या आहेत. सर्वात खाली सेटलर, सर्वात वर डेइटी. चौथी पायरी प्रिन्स, तिथे मी मुक्काम ठोकला होता. मी एक पायरी चढून किंगवर गेलो आणि सलग तीन डाव हरलो. तिसऱ्या डावात तर माझा पिरॅमिड अर्धवट असतानाच शेजारच्या राजाने राजधानी घेतली.

मला वाटलं, वरच्या पायरीवर संगणक जास्त हुशारीने खेळत असणार. भाच्याने समजावलं की तसं नाही. त्याची अक्कल तेवढीच राहते, फक्त त्याला झुकतं माप मिळतं. प्रिन्सवर दोघं बरोबरीने खेळतात. किंगवर संगणकाला उत्पादन आणि सोनं 20 टक्के जास्त मिळतं, डेइटीवर 80 टक्के. डेइटीवर तर तो तीन वसाहती वसवण्याच्या तयारीनिशी उतरतो, आपल्याकडे मात्र एकच. म्हणजे पायरी चढणं याचा अर्थ समोरच्याला आधीच काहीतरी देऊन खेळायला बसणं.

हे ऐकल्यावर मला अब्बासी काळातलं बगदाद आठवलं.

आपल्याकडचं चतुरंग इराणात गेलं, तिथे चतरंग झालं आणि अरबांनी त्याला शतरंज म्हटलं. आपला वजीर तेव्हा फिरजान होता आणि तिरकं एकच घर चालायचा. पटावर सर्वात ताकदवान मोहरा होता रुख, म्हणजे आपला हत्ती. नवव्या-दहाव्या शतकात बगदादमध्ये या खेळावर पुस्तकं लिहिली गेली आणि त्यांत खेळाडूंचे पाच वर्ग सांगितले आहेत. पहिला वर्ग 'आलियात', म्हणजे उच्च. एका काळात असे दोन-तीनच असायचे. त्यांच्याशी दहा डाव खेळून दोन-चार जिंकणारे दुसऱ्या वर्गात. तिसऱ्या वर्गातल्याशी खेळताना आलियाने आपला फिरजान आधीच काढून ठेवायचा, चौथ्याशी खेळताना घोडा आणि पाचव्याशी खेळताना रुख. कोण किती मोठा, हे त्याने जिंकलेल्या डावांइतकंच तो काय देऊन जिंकू शकतो यावरून ठरायचं. वर्ग ठरवायचा असेल तर माहीत असलेल्या खेळाडूशी दहा डाव खेळायचे. सात किंवा जास्त डाव एकानेच जिंकले, तर दोघांचा वर्ग वेगळा.

वरच्या पायरीवरही कुणी कायमचा बसला नाही. अल-अदली हा त्या काळचा नामांकित खेळाडू, शतरंजवर ग्रंथ लिहिणारा. खलिफा मुतवक्किलच्या दरबारात तो अर-राझीकडून हरला.

पुढे खलिफा मुक्तफीच्या काळात (902 ते 908) दरबाराचा आवडता खेळाडू होता अल-मावर्दी. त्याच्यासमोर अस-सूली आला. अस-सूली साहित्यिक होता, इतिहासकार होता आणि शतरंजही जाणत होता. सामना सुरू झाला तेव्हा खलिफा उघडपणे अल-मावर्दीची बाजू घेत होता आणि त्याला हुरूप देत होता. अस-सूली सुरुवातीला गडबडला. मग सावरला, आणि असा जिंकला की खलिफालाही बाजू बदलावी लागली. पटावर दोघांचे मोहरे सारखेच होते, पण दरबाराचं वजन एका बाजूला होतं. अस-सूलीला किंगच्या पायरीवरच खेळावं लागलं, असं मी म्हणेन. त्याने रचलेला एक डाव-कोडं तर इतकं अवघड होतं की त्याचा उलगडा 1980च्या दशकात रशियन ग्रँडमास्टर युरी आवेरबाख यांनी केला.

आता माझा खेळ बदललाय. पिरॅमिडचा मोह सोडला. आधी टेहळणी, मग दुसरं-तिसरं शहर, सीमेवर तिरंदाज आणि तट. प्रिन्सवर हे काही न करता जिंकता येत होतं, म्हणून ते शिकायची गरजच पडली नव्हती.

ही गोष्ट मला वर्गात जास्त टोचली. मी उर्दू माध्यमाच्या मुलांना मराठी शिकवतो. दरवर्षी सराव परीक्षेत पुस्तकातलेच उतारे देतो, मुलं पास होतात, पालक खूश, मीही खूश. यंदा माझा एक जुना विद्यार्थी घरी आला. नोकरीचा अर्ज मराठीत लिहायचा होता. चार ओळी. त्याला जमेना. माझ्या हाताखाली त्याला मराठीत चांगले मार्क होते.

ज्यांच्या घरात मराठी बोलली जाते, त्यांच्याशी या मुलांना पुढे स्पर्धा करायची आहे. समोरच्याची सुरुवातच तीन वसाहतींनी होणार. आणि मी त्यांना प्रिन्सवर जिंकवून पाठवत होतो.

या सत्रात मी न वाचलेला उतारा दिला, वर्तमानपत्रातला. निम्मी मुलं नापास झाली. एक वालिदसाहेब तावातावाने आले, "सर, पोरांचे मार्क का घटवले?" मी त्यांना चहा पाजला आणि तो उतारा त्यांच्याकडूनच वाचून घेतला. दुसऱ्या परिच्छेदाला ते थांबले. म्हणाले, "पुढच्या वेळी पण हेच द्या. पण आधी शिकवा." त्यांचं बरोबर होतं. पायरी वाढवताना शिकवणंही वाढवायला हवं, तेवढं माझं राहून गेलं होतं. आता शनिवारी शाळा सुटल्यावर आम्ही वर्तमानपत्र वाचतो.

किंगवर मी सध्या दहापैकी तीन डाव जिंकतो. सात हरतो, म्हणजे बगदादच्या हिशेबाने अजून खालच्याच वर्गात. चौथा जिंकला की भाच्याला फोन करणार आहे.