वात बारीक करण्याची विद्या

दिवाळीच्या अंकात दिव्यावर लिहावे, असा आपल्याकडचा रिवाज आहे. मीही दिव्यावरच लिहिणार आहे. फक्त माझा दिवा थोडा निराळा आहे. त्याचे झाकण उघडले की तो उजळतो, आणि प्रवासात त्याचे तेल नेमके नको त्या वेळी संपते. लॅपटॉप म्हणजे काय, हे आता घरातल्या लहान मुलालाही सांगावे लागत नाही. परंतु हे यंत्र आपले तेल जपून वापरायला कसे शिकले, ती हकीकत मात्र फारशी कोणी सांगत नाही. मी ती शोधली ती हौसेने नव्हे. एका रात्रीच्या प्रवासात माझे नुकसान झाले, म्हणून.

गोष्ट २०१३ च्या मे महिन्यातली. मी रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका खेड्यात चित्रकला शिकवते. शिक्षण मॅट्रिकपुरते, त्यावर चित्रकलेची परीक्षा. आणि उरल्या वेळात कादंबऱ्या लिहिण्याचा नाद. त्या वर्षी माझी आजी गेली होती, आणि हातातल्या कादंबरीचे शेवटचे प्रकरण तिच्यावरचे होते. ते महिनोन् महिने अडून बसले होते. मुंबईला प्रकाशकांकडे जायच्या दिवशी मात्र ते एका बैठकीत उतरले. रिक्षा दारात येऊन हॉर्न वाजवू लागली, तेव्हा मी लॅपटॉपचे झाकण मिटले, तो पिशवीत घातला आणि निघाले. झाकण मिटले म्हणजे वही मिटली, अशी माझी भाबडी समजूत! वही मिटल्याने अक्षरे कोठे पुसली जातात?

सकाळी डोंबिवलीला बहिणीच्या घरी झाकण उघडले, तो पडदा काळाठिक्कर. वायर लावली. यंत्र सुरू झाले, पण कोऱ्या पाटीने. भाचा तेव्हा अभियांत्रिकीला होता. त्याने कपाळाला हात लावला.

"मावशी, तू सेव्ह केलं नव्हतंस?"

"अरे, पण झाकण नीट मिटलं होतं मी!"

"झाकण मिटलं की ते बंद होत नाही गं. झोपतं. आणि झोपेतही थोडं थोडं खात राहतं. तुझी बॅटरी जुनी. रात्रीतनं संपली."

ते प्रकरण मी पुन्हा लिहिले. ते छापलेही गेले, आणि वाचकांना आवडल्याची पत्रेही आली. पण त्या संध्याकाळी आजी जशी समोर येऊन बसली होती, तशी ती पुन्हा बसली नाही. असो. या यंत्राला झोपायला कोणी आणि कशासाठी शिकवले, हा प्रश्न तेव्हापासून माझ्या मागे लागला.

या कथेचा आरंभ एका मुलांच्या खेळण्यातून होतो, हे मास्तरकी करणाऱ्या मला विशेष वाटले. अमेरिकेत पालो आल्टो येथे झेरॉक्स कंपनीची एक संशोधनशाळा होती. तिथल्या ऍलन के यांनी १९७२ साली एक निबंध लिहून ‘डायनाबुक’ नावाच्या यंत्राची कल्पना मांडली. सर्व वयांच्या मुलांसाठी, वहीएवढा, वजनाने ४ पौंडांहून कमी, कोठेही नेता येईल असा संगणक! त्या काळी संगणक म्हणजे कपाटाएवढे धूड. वही कागदावर तयार झाली. यंत्र व्हायला अजून बराच अवकाश होता.

१९८१ साली जे प्रत्यक्ष बाजारात आले, त्याला वही म्हणणे कठीणच. ऑस्बर्न–१ नावाचा तो संगणक २४ पौंडांच्या वर, म्हणजे सुमारे ११ किलोंचा होता. आकार शिलाई यंत्राच्या पेटीएवढा, आणि त्यात पाच इंचांचा चिमुकला पडदा. विमानात आसनाखाली तो मावे, एवढेच त्याचे प्रवासीपण. बॅटरी त्यात नव्हतीच. मुक्कामाला पोचून भिंतीतले बटण शोधायचे, मग काम. म्हणजे दिवा बरोबर नेला, पण तेल यजमानाच्या घरचे!

हे यंत्र विकणारा ऍडम ऑस्बर्न आपल्याला अगदीच परका नाही. त्याचे वडील आर्थर ऑस्बर्न हे रमण महर्षींचे भक्त. महर्षींवरील त्यांचे ग्रंथ प्रसिद्ध आहेत. ऍडमचे बालपण तमिळ मुलखात गेले. कंपनी झपाट्याने वर चढली आणि १९८३ साली तितक्याच झपाट्याने दिवाळखोरीत गेली. पुढे तो भारतात परतला आणि २००३ साली कोडाईकनाल येथे वारला.

१९८२ साली ग्रिड कंपास आला. आज आपण झाकण उघडतो–मिटतो, तो शिंपल्यासारखा घाट त्याचा. बिल मॉग्रिज या इंग्रज आरेखकाने घडवलेला. किंमत ८,१५० डॉलर! १९८३ पासून तो अमेरिकेच्या अंतराळयानांतूनही गेला. परंतु आरंभीच्या कंपासलाही स्वतःची बॅटरी नव्हती. श्रीमंत पाहुणा, पण पुन्हा परक्या तेलावर.

स्वतःचे तेल घेऊन निघाली ती गरीब यंत्रे. एप्सन कंपनीचा एचएक्स–२० जेमतेम १.६ किलोंचा; पडद्यावर चारच ओळी. पाठोपाठ १९८३ साली टीआरएस–८० मॉडेल १०० आले. ते चालायला टॉर्चमध्ये घालतो तसले चार पेन्सिल सेल पुरत, आणि तेवढ्यावर वीसएक तास काम होई. आठ ओळींचा करडा पडदा, आतून उजेड नाही, फिरणारा कोणताही भाग नाही. गावोगाव हिंडणाऱ्या वार्ताहरांना ते फार प्रिय झाले. सेल संपले तर कोपऱ्यावरच्या दुकानात मिळत. बातमी लिहून झाली की टेलिफोनच्या तारेवरून धाडता येई.

या छोट्या यंत्रात एक सवय होती. दहा मिनिटे कोणी कळ दाबली नाही, तर ते आपले आपण बंद होई. आणि तरी लिहिलेला मजकूर जात नसे, कारण तो सांभाळायला आत एक वेगळी चिमुकली बॅटरी ठेवलेली असे. हे वाचले तेव्हा मी पुस्तक मिटून स्वस्थ बसले. माझ्या प्रवासाच्या तीस वर्षे आधी हे शहाणपण जगात होते!

मग ते मध्येच हरवले कसे? मोहापायी हरवले. लोकांना मोठा पडदा हवा झाला, त्यामागे उजेड हवा झाला, सतत फिरणारी तबकडी आणि धावणारा मेंदू हवा झाला. १९८९ सालचा मॅकिंटॉश पोर्टेबल सात किलोंच्या वर होता. त्यात मोटारीत असते तशा शिसे–आम्लाच्या जातीची बॅटरी होती. ती पुरती संपली असेल, तर वायर लावूनही तो सुरू होत नसे. इतर यंत्रांत निकेल–कॅडमियमच्या बॅटऱ्या असत. ‘बॅटरी पूर्ण संपू द्या, मगच भरा’ हा उपदेश त्या काळातला. १९९१ साली सोनी कंपनीने लिथियम–आयनची बॅटरी बाजारात आणली, आणि तेवढ्याच वजनात कितीतरी अधिक वीज मावू लागली. या शोधासाठी गुडइनफ, व्हिटिंगहॅम आणि योशिनो यांना २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. लिथियमची तब्येत मात्र निराळी. तिला वारंवार पूर्ण रिकामे करणे सोसत नाही, आणि उष्णता तर मुळीच नाही. जुना उपदेश घरोघरी तसाच चालू राहिला, ज्या बॅटरीसाठी तो होता ती गेली तरी.

बॅटरी मोठी करण्याला मर्यादा असते. खर्च कमी करणे हाच दुसरा मार्ग. १९९२ साली इंटेल आणि मायक्रोसॉफ्ट या कंपन्यांनी वीज जपण्याची एक पद्धत ठरवली. तिच्यात बराचसा कारभार यंत्राच्या तळाशी बसवलेल्या एका छोट्या कार्यक्रमाकडे होता. हा म्हणजे रात्री गस्त घालून दिवे मालवणारा पहारेकरी. कोणत्या खोलीत मूल अभ्यास करते आहे, ते त्याला ठाऊक नसे. म्हणून १९९६ च्या डिसेंबरात त्याच दोघांनी तोशिबाला बरोबर घेऊन नवी पद्धत काढली आणि दिव्यांचा हिशेब घरच्या बाईच्या हाती दिला. म्हणजे सर्व कामांची खबर असलेल्या मुख्य प्रणालीच्या हाती.

त्या पद्धतीत निजण्याच्या दोन तऱ्हा नीट सांगितल्या आहेत. माझ्या वर्गातल्या भाषेत सांगते. एक मूल धडा तोंडपाठ ठेवून पडून राहते. हाक मारताच उठून घडाघडा म्हणते, पण पाठ ठेवायला त्याला थोडे थोडे अन्न लागतेच. ही ‘स्लीप’. दुसरे मूल आधी सगळा धडा वहीत उतरवते आणि मग गाढ झोपते. त्याला उठायला वेळ लागतो, पण रात्रभर उपाशी राहिले तरी धडा जात नाही. ही ‘हायबरनेट’. माझे प्रकरण पहिल्या मुलाच्या तोंडी होते. रात्री ते उपाशी राहिले.

पुढच्या सुधारणा थोडक्यात सांगते. २००० सालापासून इंटेलच्या प्रवासी यंत्रांतला मेंदू बॅटरीवर चालताना आपला वेग आणि विजेचा दाब दोन्ही उतरवू लागला. दाब थोडा उतरला की खर्च त्याच्या वर्गाच्या प्रमाणात घटतो, म्हणून हा लाभ मोठा. पडद्याचा उजेड हा तर मोठा खर्चिक. तो निम्म्यावर आणला की घटकाभराची कमाई सहज होते. अलीकडची बरीच यंत्रे मोबाइलसारखी झोपतात, म्हणजे मिटल्यावरही टपाल वगैरे पाहत राहतात. तेव्हा मिटून पिशवीत घातलेले यंत्र गरम लागले, तर नवल नाही. लांबच्या प्रवासाला ते हायबरनेट करावे किंवा पुरते बंद करावे.

विमानप्रवासाचे नियमही लिथियमच्या उष्ण स्वभावातून आलेले आहेत. २००६ साली डेल कंपनीने आगीच्या भीतीने ४१ लाख बॅटऱ्या परत मागवल्या होत्या. सुट्या बॅटऱ्या सामानाच्या कोठीत टाकू देत नाहीत, त्या जवळ बाळगाव्या लागतात. कारण आग लागलीच तर माणसांच्या देखत लागावी आणि विझवता यावी. १०० वॅट–तासांपर्यंतच्या बॅटरीला सहसा वेगळी परवानगी लागत नाही. हिशेब सोपा आहे. बॅटरीवर ११.१ व्होल्ट आणि ४.४ अँपिअर–तास लिहिले असेल, तर गुणाकार सुमारे ४९ होतो.

आता शेवटची हकीकत, आपल्याच मुलखातली. २००५ साली निकोलस निग्रोपॉंटी यांनी जगातल्या गरीब मुलांसाठी १०० डॉलरांच्या लॅपटॉपची घोषणा केली. ऍलन के हेही त्या खटपटीत होते. म्हणजे १९७२ ची ती मुलांची वही तेहतीस वर्षांनी पुन्हा निघाली. त्याची किंमत १०० वर काही राहिली नाही, आणि जगभर पोचण्याचे स्वप्नही अपुरेच राहिले. परंतु मेरी लू जेप्सन यांनी त्याला असा पडदा दिला, की उन्हात बसले तर मागचा दिवा मालवूनही अक्षरे वाचता यावीत. २००७ साली भारतातला त्याचा पहिला प्रयोग झाला तो रायगड जिल्ह्यात, कर्जतजवळच्या खैरात या गावच्या एका खोलीच्या शाळेत. वीज जपणे ही जिथे रोजची गोष्ट, तिथे हा दिवा पोचला, हे मला योग्य वाटते.

लहानपणी आमच्याकडे वीज जाई ती रात्र रात्र येत नसे. मी कंदिलाशी वाचत बसे आणि झोप आली की फुंकर मारायला पुढे वाके. आजी अंथरुणातून म्हणे, "विझवू नको गो. वात बारीक कर. रात्री कोणाला उठावं लागलं तर?" आणि निजण्यापूर्वी ती स्वतः उठून कंदील हलवून पाही, तेल सकाळपर्यंत पुरेल ना म्हणून. मोठमोठ्या कंपन्यांनी पंधरा–वीस वर्षे खपून जे यंत्राला शिकवले, त्यातले अर्धे तिच्या पहिल्या वाक्यात होते. उरलेले अर्धे त्या कंदील हलवून पाहण्यात होते, आणि तेवढेच मी विसरले.

आता मी झाकण मिटण्यापूर्वी लिहिलेले जतन करते आणि कोपऱ्यातला आकडा पाहते. हा लेखही तसाच पाहून, मग मिटला.