आउटबोर्ड इंजिन : झडलेल्या आट्यांची दुरुस्ती

होडीच्या मागील फळीवर बसणाऱ्या आउटबोर्ड इंजिनाचा ठोकळा, सिलिंडरचे डोके आणि खालची गिअरपेटी हे भाग ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचे असतात. त्यांना जोडणारे बोल्ट मात्र बहुधा स्टेनलेस पोलादाचे असतात. मऊ धातूतील आटे कठीण बोल्टापुढे हार खातात, आणि बोल्ट पकड सोडून नुसता फिरू लागतो. डोक्याचा एक बोल्ट असा सैल राहिला तरी गॅस्केटवरील दाब विषम होतो, थंडाव्याचे पाणी सिलिंडरमध्ये शिरते किंवा इंजिन तापून बंद पडते. बेतूलला साळ नदीच्या मुखाशी असलेल्या वाळूच्या दांड्यावर लाटा फुटत असताना इंजिन बंद पडणे म्हणजे होडीवरील माणसांच्या जिवाशी गाठ.

आटे का झडतात

पहिले कारण अति आवळणे. सहा मिलिमीटरच्या बोल्टाला लांब दांड्याचा पाना लावला की हाताला अंदाज राहत नाही. दुसरे कारण खारे पाणी. पोलाद व ॲल्युमिनियम यांच्यामध्ये खारे पाणी आले की विद्युतरासायनिक क्रिया होऊन ॲल्युमिनियम झिजते. त्याची पांढरी भुकटी सांध्यात साचून बोल्ट जखडतो आणि जोर लावताच आटे सोबत घेऊन बाहेर येतो. काढलेल्या बोल्टाच्या आट्यांत रुपेरी तारेसारखा कीस गुंडाळलेला दिसला, तर भोकातील आटे गेले असे समजावे.

उपायाची निवड

वरचे एक-दोनच आटे दुमडले असतील तर त्याच मापाचा टॅप तेल लावून हळूहळू फिरवल्यास ते सरळ होतात. भोक खोल असून तळाशी शाबूत आटे उरले असतील, तर थोडा लांब बोल्टही पुरतो. मात्र तो तळाला टेकता कामा नये. आटे पूर्ण गेले असतील तर तारेची गुंडाळी, म्हणजे बाजारातील 'हेलिकॉइल', बसवणे हा रूढ उपाय आहे. स्टेनलेस तारेची ही गुंडाळी मूळ मापाचेच नवे आटे देते. पोलादी आटे असल्याने वारंवार खोलल्या जाणाऱ्या सांध्यात ती मूळ आट्यांपेक्षाही टिकाऊ ठरते. आट्यांच्या जागी मोठा बोल्ट घालण्याचा मोह टाळावा, कारण त्याने भोवतालची भिंत पातळ होते.

गुंडाळी बसवण्याची रीत

१. भोक मोठे करणे : एम ६ बोल्टासाठी सुमारे ६.३ मिमी आणि एम ८ साठी सुमारे ८.३ ते ८.४ मिमीचा ड्रिल लागतो. संचासोबत आलेलाच वापरावा. खोलीची खूण म्हणून ड्रिलवर चिकटपट्टी गुंडाळावी. ड्रिल काटकोनात धरावा, आणि कीस अडकावा म्हणून त्याच्या खाचांत ग्रीस भरावे.

२. आटे पाडणे : संचातील खास टॅपच घ्यावा. त्याचे दोन आट्यांमधील अंतर मूळ बोल्टाइतकेच, पण व्यास मोठा असतो. प्रत्येक अर्ध्या फेऱ्यानंतर तो किंचित उलटा फिरवून कीस मोडावा. भोक शेवटी हवेने स्वच्छ करावे. डोळ्यांवर चष्मा असावा.

३. गुंडाळी घालणे : गुंडाळीच्या तळाशी वळलेल्या शेपटात हत्यार अडकवून ती न दाबता फिरवत न्यावी. तिचे वरचे टोक पृष्ठभागाच्या पाव ते अर्धा फेरा खाली राहावे. मग शेपूट बारीक पंचने तोडून चिमट्याने बाहेर काढावे. ते इंजिनात पडले तर नवेच संकट उभे राहते.

गुंडाळीची लांबी बोल्टाच्या व्यासाच्या दीड ते दोन पट असल्यास ॲल्युमिनियममध्ये पकड चांगली मिळते.

कुठे थांबावे

भोकाभोवती तडा दिसत असेल, भिंत पातळ झाली असेल किंवा ड्रिल पाण्याच्या मार्गात उतरला असेल, तर घरगुती दुरुस्ती थांबवावी. अशा जागी टिग वेल्डिंगने धातू भरून नव्याने भोक व आटे पाडावे लागतात आणि पृष्ठभाग सपाट करून घ्यावा लागतो. हे काम यंत्रशाळेचे आहे.

पुन्हा आटे झडू नयेत म्हणून

बोल्ट बसवताना आट्यांना सागरी ग्रीस लावावे. मात्र उत्पादकाच्या पुस्तिकेत सांध्यासाठी दुसरे द्रव्य सांगितले असेल तर तेच वापरावे. बोल्ट प्रथम हाताने पूर्ण बसवावा. शेवटचे आवळणे पुस्तिकेतील मापाने, टॉर्क पान्यानेच करावे. डोक्याचे बोल्ट मधून बाहेरच्या क्रमाने दोन-तीन टप्प्यांत आवळावेत. समुद्रातून परतल्यावर इंजिन गोड्या पाण्याने धुवावे आणि झिजलेला जस्ताचा अॅनोड वेळीच बदलावा. पावसाळ्यात मासेमारी थांबलेली असताना महत्त्वाचे बोल्ट एकेक करून तपासले, तर हंगामाच्या पहिल्याच फेरीत भर पाण्यात पाना शोधण्याची वेळ येत नाही.