अंतर्गळ (हर्निया) : शस्त्रक्रिया आणि तिचे परिणाम

अंतर्गळ : पोटाच्या भिंतीतील एखाद्या कमकुवत जागेतून आतडे किंवा त्यावरचा चरबीचा पडदा बाहेर डोकावणे. दवाखान्यात आणि पारावर, दोन्हीकडे आता ‘हर्निया’ हाच शब्द चालतो. सर्वाधिक आढळतो तो जांघेतला, आणि मुख्यतः पुरुषांत. उभे राहिले, खोकले की गाठ वर येते. आडवे झाले की आत जाते. ती आत जाते म्हणूनच माणूस लंगोट आवळून किंवा पट्टा बांधून वर्षानुवर्षे रेटतो. गोळ्याऔषधांनी हा आजार बरा होत नाही. उपाय एकच, शस्त्रक्रिया.

जुन्नर तालुक्यातील ओतूरच्या उपबाजारात कांद्याचा लिलाव असला, की हमालांच्या पाठीवरून दिवसभर गोण्या चढतात-उतरतात. अशा कष्टकऱ्याला हर्निया झाला की सगळा दोष ओझ्याला दिला जातो. तो अर्धाच खरा आहे. जांघेतली वाट जन्मापासूनच नीट मिटलेली नसणे, घराण्यात हर्निया असणे, धूम्रपान, जुनाट खोकला, शौचाला किंवा लघवीला जोर करावा लागणे ही कारणेही तितकीच महत्त्वाची. ओझ्याने बहुधा आधीच असलेली फट उघडी पडते.

इटलीतील पादुआचे एदोआर्दो बासिनी यांनी 1887 मध्ये जांघेची भिंत थरांनी शिवून घेण्याची पद्धत प्रसिद्ध केली आणि आधुनिक शस्त्रक्रियेचा पाया घातला. मात्र ताणून घातलेले टाके कालांतराने सैल पडत आणि हर्निया पुन्हा होई. फाटलेले पोते नुसते ओढून शिवले तर शिवणीशेजारी पुन्हा फाटते; ठिगळ लावले तर टिकते. लॉस एंजेलिसच्या आयर्विंग लिश्टेनस्टाइन यांनी 1989 मध्ये 1000 रुग्णांचा अहवाल मांडला, त्याचे सार हेच होते. फटीवर पॉलिप्रॉपिलीनची जाळी ताण न देता बसवायची. शरीरातील ऊती तिच्या छिद्रांतून वाढतात आणि भिंत भक्कम होते. ही पद्धत जगभर रूढ झाली. अडचण जाळीच्या किमतीची होती. तयार जाळीचा छोटा तुकडा गरीब रुग्णाला कित्येक दिवसांच्या मजुरीएवढा पडे.

धुळे जिल्ह्यातील दोंडाईचा येथील शल्यविशारद डॉ. रवींद्रनाथ टोणगावकर यांनी या अडचणीवर शोधलेले उत्तर कापडाच्या दुकानात होते : मच्छरदाणी. पॉलिएथिलीन-पॉलिप्रॉपिलीनच्या धाग्याचे हे कापड व्यापारी जाळीच्या जवळचे निघाले. कापड धुवायचे, तळहाताएवढे तुकडे कापायचे, पुडक्यात बांधायचे आणि ऑटोक्लेव्हमध्ये वाफेवर निर्जंतुक करायचे. तापमान 121 अंश सेल्सिअसच्या आसपासच ठेवावे लागते. त्याहून फार वाढले तर धागा आक्रसतो, वितळू लागतो. डासनाशक लावलेली मच्छरदाणी यासाठी अजिबात चालत नाही. टोणगावकर आणि सहकाऱ्यांनी अनेक रुग्णालयांतील अनुभव एकत्र करून 2003 मध्ये ‘इंडियन जर्नल ऑफ सर्जरी’त मांडला. डासांच्या जाळीने पोट शिवायचे म्हटल्यावर कोणाच्याही कपाळाला आठी पडेल, आणि ती पडावीच. शंका घेतल्याखेरीज पुरावा गोळा होत नाही.

तो पुरावा पुढे आफ्रिकेतून आला. पूर्व युगांडात 302 पुरुषांवर झालेल्या यादृच्छिक चाचणीत काहींना मच्छरदाणीची, तर काहींना व्यापारी जाळी बसवली गेली. ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये 2016 साली निष्कर्ष छापून आले : वर्षभरात हर्निया उलटण्याचे प्रमाण मच्छरदाणीच्या गटात 0.7 टक्के, व्यापारी जाळीच्या गटात शून्य. लहानमोठ्या गुंतागुंती अनुक्रमे 30.8 आणि 29.7 टक्के. म्हणजे फरक नगण्य.

पुण्याचे डॉ. मोहन देसरडा यांनी जाळीच टाळली. जांघेच्या बाहेरच्या स्नायूच्या चिवट पडद्याची एक पट्टी मुळापासून न तोडता वळवून घ्यायची आणि तिनेच मागची भिंत झाकायची, ही त्यांची युक्ती. 400 रुग्णांवरील त्यांचा लेख 2001 मध्ये ‘युरोपियन जर्नल ऑफ सर्जरी’त आला. पोलंडमध्ये 208 रुग्णांवर या पद्धतीची लिश्टेनस्टाइन पद्धतीशी तुलना झाली (2012). तीन वर्षांत दोन्ही गटांत प्रत्येकी दोघांचा हर्निया उलटला. तरीही 2018 च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनी विनाजाळी पद्धतींत पहिली पसंती टोरांटोच्या शोल्डिस पद्धतीला दिली आहे.

या दोन्ही कल्पना महाराष्ट्रातल्या. त्यांची निर्णायक कसोटी मात्र परदेशात लागली. हे खटकते. कल्पकतेत आपण कमी नाही. कमी पडतो तो पाठपुराव्यात. टाके निघाले की रुग्ण कामाला लागतो आणि वर्षाने तपासणीला फिरकत नाही. मग हर्निया उलटला की नाही, हे कोण सांगणार?

परिणाम मोजण्याची पट्टीही बदलली आहे. पूर्वी फक्त हर्निया उलटला का, एवढेच पाहत. आता उरणारी वेदनाही मोजतात. जाळी बसवलेल्यांपैकी सुमारे 10 ते 12 टक्के रुग्णांना जाणवण्याजोगी वेदना काही महिन्यांनंतरही राहते. हमाली करणाऱ्याला हा आकडा शस्त्रक्रियेआधी सांगायला हवा.

त्रास नसेल तर थांबावे का? उत्तर अमेरिकेत फारसा त्रास नसलेल्या 720 पुरुषांवर झालेल्या अभ्यासात (2006) वाट पाहणाऱ्यांत आतडे अचानक अडकण्याचे प्रमाण दर हजार रुग्णांमागे वर्षाला 1.8 इतकेच निघाले. मात्र दहा वर्षांत 68 टक्क्यांनी अखेर शस्त्रक्रिया करून घेतली, बहुतेकांनी वेदनेमुळे. हा दिलासा ओतूरला जसाच्या तसा लागू करता येत नाही. पुणे इथून शंभर किलोमीटरांच्या आसपास आहे, आणि अडकलेल्या आतड्याचा रक्तपुरवठा काही तासांतच तुटू शकतो.

म्हणून गाठ कडक झाली, दुखू लागली, आडवे होऊनही आत जाईना किंवा सोबत उलट्या सुरू झाल्या, तर ती चोळू नये, शेकू नये, रुग्णाला काही खायला-प्यायला देऊ नये. त्याच क्षणी शस्त्रक्रियेची सोय असलेले रुग्णालय गाठावे.