ई-सायकल की साधी सायकल: चालवताना नेमका फरक काय पडतो?

"मोटरच ओढणार असेल तर व्यायाम कसला?" ई-सायकल घ्यायचं म्हटलं की घरातलं कुणीतरी हे विचारतंच. दुसरीकडे, चढाला दमून सायकल कायमची भिंतीला टेकवून ठेवलेलेही अनेक जण आहेत. म्हणूनच पैसे मोजण्याआधी दोन्हींतला फरक समजून घ्यायला हवा.

मोटर कधी मदत करते?

पेडल फिरलं की सेन्सरला कळतं आणि मोटर जोर लावते. पाय थांबले की मोटरही थांबते. याला 'पेडल असिस्ट' म्हणतात. स्वस्त सायकलींचा सेन्सर बहुधा पेडल फिरतंय की नाही एवढंच बघतो, त्यामुळे मदत किंचित उशिरा आणि झटक्यात मिळते. महागड्या सायकलींमध्ये तुम्ही किती जोर लावताय हेही मोजलं जातं, म्हणून त्या जास्त सहज चालतात. काही सायकलींना स्कूटरसारखा थ्रॉटलही असतो. तो पिळला की पाय न हलवताही सायकल पळते.

खरा फरक चढावर

समजा, ७० किलो वजनाची व्यक्ती १५ किलोच्या साध्या सायकलवरून १०० मीटरमागे ५ मीटर उंचावणारा चढ ताशी १० किलोमीटर वेगाने चढतेय. त्यासाठी पायांना साधारण १४० वॅट ताकद लावावी लागते. सवय नसेल तर थोड्याच वेळात धाप लागते.

ई-सायकल २५ किलोची धरली तर एकूण गरज वाढून साधारण १५५ वॅट होते. पण त्यातला अर्धा भार मोटरने उचलला तर पायांच्या वाट्याला ८० वॅटच्या आतच काम उरतं. उलटा वारा असताना किंवा सिग्नलला थांबून पुन्हा निघतानाही हीच मदत जाणवते. सपाट, मोकळ्या रस्त्यावर मात्र हा फरक बराच कमी होतो.

मग व्यायाम होतो का?

होतो. तेवढ्याच अंतराला साध्या सायकलपेक्षा कमी होतो, इतकंच. पण दम लागत नाही म्हणून लोक लांब जातात. युरोपातल्या सात शहरांमध्ये झालेल्या आणि २०१९मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ई-सायकल आणि साधी सायकल चालवणाऱ्यांची आठवड्याची शारीरिक हालचाल जवळपास सारखीच आढळली, कारण ई-सायकलवाल्यांच्या फेऱ्या लांबच्या होत्या. नुसत्या थ्रॉटलवर फिरलात, तर मात्र व्यायाम विसरा.

लायसन्स लागतं का?

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ नुसार मोटरची ताकद २५० वॅटपेक्षा कमी असेल, ताशी २५ किलोमीटरला किंवा पेडल थांबताच तिची मदत बंद होत असेल आणि बाकीच्या अटीही पाळल्या असतील, तर अशी सायकल मोटार वाहन ठरत नाही. म्हणजे लायसन्स आणि नोंदणी लागत नाही. वेग वाढवून घेतलात तर ही सूट उरत नाही. हेल्मेट मात्र दोन्हींवर घालाच. जास्त वजन आणि वेगामुळे ई-सायकलला थांबायला जास्त अंतर लागतं.

खर्च आणि कटकटी

३६ व्होल्ट, १० अँपिअर-अवरची बॅटरी पूर्ण चार्ज करायला अर्ध्या युनिटपेक्षाही कमी वीज लागते. म्हणजे रोजचा खर्च किरकोळ. मोठा खर्च येतो तो काही वर्षांनी बॅटरी बदलताना.

बॅटरी वाटेत संपली तरी सायकल पेडल मारून चालवता येते, पण चढावर ते जास्तीचं वजन चांगलंच जाणवतं. लिफ्ट नसलेल्या इमारतीत तीच सायकल तिसऱ्या मजल्यावर न्यायची असेल, तर आधी दुकानात एकदा उचलून बघा. मोटर चाकात असेल तर पंक्चर काढतानाही वायर सांभाळत चाक खोलावं लागतं.

मग कुठली घ्यावी?

रस्ता सपाट, अंतर तीन-चार किलोमीटर आणि गुडघे ठणठणीत असतील, तर साधी सायकल पुरते. ती स्वस्त, हलकी आणि कुठेही दुरुस्त होणारी आहे. वाटेत चढ असेल, ऑफिसला घामाघूम होऊन पोहोचायचं नसेल किंवा बऱ्याच वर्षांनी पुन्हा सायकल सुरू करायची असेल, तर ई-सायकलचे पैसे वसूल होतात. शक्य असेल तर घेण्याआधी रोजच्याच रस्त्यावर दोन्ही चालवून बघा. दुकानासमोरच्या सपाट गल्लीतल्या फेरीत हा फरक कळणार नाही.