चूक मुलाची की साधनाची?

गणिताच्या तासाला एखाद्या मुलानं फळ्यावर क्ष = क्ष + १ असं लिहिलं, तर आपण ते लगेच खोडू. पण संगणकाच्या बेसिकसारख्या भाषेत हे वाक्य अगदी बरोबर असतं. तिथे क्ष म्हणजे जणू एक डबा. त्यातल्या संख्येत एक मिळवून ती पुन्हा त्याच डब्यात ठेवायची. 'बरोबर'च्या चिन्हाचे असे दोन अर्थ मुलांना सांभाळावे लागतात.

हा घोळ टाळणारी एक जुनी वाट आहे. अलोंझो चर्च या अमेरिकी तर्कशास्त्रज्ञानं १९३०च्या दशकात सगळी आकडेमोड फक्त फलनांच्या, म्हणजे फंक्शनच्या, भाषेत मांडली. फलनाला तीच संख्या दिली की उत्तरही तेच मिळतं. मध्ये कुठला डबा बदलत नाही. या कल्पनेचा आधार घेत जॉन मॅकार्थी यांनी १९५८ साली एमआयटीत 'लिस्प' ही भाषा घडवायला घेतली. १९७५ मध्ये तिथेच जेराल्ड सस्मन आणि गाय स्टील यांनी तिचं आटोपशीर रूप, 'स्कीम', तयार केलं. एबलसन आणि सस्मन यांनी ज्यूली सस्मन यांच्यासह स्कीमवर लिहिलेलं पाठ्यपुस्तक १९८५ साली निघालं आणि जगभर गाजलं. मात्र त्यातली बरीच उदाहरणं कलनशास्त्र, विद्युतमंडलं अशी होती. शाळकरी मुलांना ती कशी झेपणार?

१९९५ मध्ये ह्यूस्टनच्या राइस विद्यापीठातले मथायस फेलायझन आणि त्यांचे सहकारी स्कीम शाळांपर्यंत न्यायला निघाले. नवशिके कुठे अडखळतात, हे त्यांनी बारकाईनं पाहिलं. एक उदाहरण घेऊ. यादीतली नावं मोजायची आहेत. यादी रिकामी असेल तर उत्तर ०. नसेल तर १ अधिक उरलेल्या यादीची मोजणी. विचार अचूक आहे. पण स्कीममध्ये बेरजेचं चिन्ह आधी लिहितात: (+ १ २). मूल सवयीनं १ + मोजणी असं लिहितं. स्कीम तक्रार करत नाही! १, + आणि मोजणी या तीन सुट्या गोष्टी समजून ती फक्त शेवटचीची किंमत देते. म्हणून यादी कितीही लांब असो, उत्तर ० येतं. आपलं काय चुकलं, हे मुलाला कळायला मार्गच नाही.

यावर या गटानं 'डॉक्टरस्कीम' हे साधन बनवलं. त्यात भाषेच्या चढत्या पायऱ्या होत्या. पहिल्या पायरीवर भाषा मुद्दाम छोटी ठेवलेली; त्यामुळे वरची चूक तिथेच पकडली जाते आणि नवशिक्याला समजेल असा संदेश येतो. २००१ मध्ये त्यांचं पाठ्यपुस्तकही आलं. त्याची रीत अशी: फलनाला काय द्यायचं आणि काय मिळायला हवं ते आधी लिहा, उदाहरणं सोडवा, मग प्रोग्रॅम लिहा आणि शेवटी त्याच उदाहरणांवर तो तपासा.

२०१० मध्ये या भाषेचं नाव 'रॅकेट' झालं. खुद्द एमआयटीनं २००८च्या सुमारास आपल्या पहिल्या अभ्यासक्रमात स्कीमऐवजी पायथॉन आणली. तरी ही दोन्ही पुस्तकं आणि रॅकेट इंटरनेटवर विनामूल्य मिळतात.

आपल्या वर्गात संगणक असो वा नसो, या गोष्टीतून घेण्यासारखं बरंच आहे. नावं मोजणाऱ्या त्या मुलाचा विचार बरोबर होता. ते ओळखून कुणीतरी साधन बदललं. उत्तर चुकलेली वही तपासताना आपण हे पाहतो का?